घाटातल्या सातव्या वळणावर

सासूबाईंची अट एकच होती: घाट संपायच्या आत सुनेचा पाय जमिनीला टेकला, तर सायकल विकून टाकायची. म्हणून सून पुढे पेडल मारत होती आणि सासूबाई मागे मुलाच्या गाडीत बसून तिच्या पायांवर डोळा ठेवून होत्या. जुनं दगडी गाव मागे पडलं, अभयारण्य सुरू झालं.

"फे फे उडालीय बघ तुझ्या बायकोची," त्या मुलाला म्हणाल्या. "आता टेकतेयच."

सातव्या वळणावर हरणांचा कळप रस्त्यात उतरला. सून थांबली, पण पाय पेडलवरच. पुढचं चाक किंचित वळवून ती भर चढावर नुसती तोलून उभी राहिली. हरणं तिला घासून जावीत इतक्या जवळून गेली. एक पाडस तर थांबून तिच्याकडे टकामका बघत राहिलं. तिच्या पोटऱ्या थरथरत होत्या, चाक मात्र जागचं हललं नाही.

सासूबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. खिडकीतून मान काढून त्या म्हणाल्या, "टेकव गं बाई पाय. मी कुठे बघतेय?"

"हळू बोला ना आई, पिल्लू बिचकेल."

आणि सुनेनं सांगितलं म्हणून सासूबाई जन्मात पहिल्यांदा गप्प बसल्या.