व्हीलचेअरवाली कॅरॅव्हॅन

मित्रांनो, मी वयाने बरीच मोठी, पण कामाला अजून तयार असलेली एक कॅरॅव्हॅन आहे. कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. मला इंजिन नाही. मोटारीच्या मागे मला जोडतात आणि ती नेईल तिकडे मी जाते. म्हणून मला कोण नेतो आणि माझ्या पोटात काय, कुठे ठेवतो, यावरच माझे सगळे अवलंबून असते.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका लहान कारखान्यात झाला. वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आत प्लायवुडच्या भिंती, मध्याच्या जरा मागे दोन चाकांचा एकच अ‍ॅक्सल आणि पाठीमागे रुंद दार. एका हौशी कुटुंबाने मला जहाजातून सिंगापूरला आणले. मलेशियातल्या एक-दोन सहलींत त्यांची हौस फिटली. मग ते मायदेशी परतले आणि मी सिंगापूरच्याच तुआस भागातल्या एका वर्कशॉपच्या मागच्या बाजूला उभी राहिले. टायर बसले. खिडक्यांच्या रबरावर शेवाळ चढले. छतावरच्या झरोक्यात साळुंक्यांनी घरटे केले. तेवढीच काय ती सोबत.

तिथेच मला निशिकांतकाका भेटले.

काका जहाजावर चीफ इंजिनिअर होते. एकदा इंजिन रूमच्या जिन्यावरून ते घसरले, पाय वाईट मोडला आणि समुद्र सुटला. कितीतरी महिने ते मरीन परेडच्या आपल्या फ्लॅटमध्ये व्हीलचेअरवर होते. सगळे जग हिंडलेला माणूस, पण लिफ्टपर्यंतही एकट्याने जाता येईना. त्यांची पत्नी संजीवनीकाकू फिजिओथेरपिस्ट. त्यांना दिवसभर नोकरी. तेव्हा शेजारचे मिस्टर ओंग रोज संध्याकाळी दार वाजवायचे. ओंग निवृत्त बसचालक. ते काही न विचारता खुर्चीमागे उभे राहायचे आणि काकांना समुद्रापर्यंत ढकलत न्यायचे. तिथे दोघे कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायचे आणि नांगरलेली जहाजे बघत बसायचे.

पाय बरा झाला. काकांना बंदराच्या एका कंपनीत जमिनीवरचे काम मिळाले. पण मोडकी खुर्ची घेऊन घरात अडकलेली माणसे त्यांना आता सगळीकडे दिसू लागली. कोणाच्या खुर्चीचा ब्रेक लागत नव्हता, कोणाचे चाक अडत होते. एका पंपाच्या दुरुस्तीसाठी ते वर्कशॉपमध्ये आले, मला बघून थांबले, माझ्याभोवती हळूहळू फिरले आणि त्यांनी काकूंना फोन लावला.

काकू बघायला आल्या. त्यांनी माझे दार उघडले, नाक मुरडले आणि म्हणाल्या, "अहो, आपल्याकडे कपडे वाळत घालायला जागा नाही, आणि तुम्ही ही अख्खी खोली कुठे ठेवणार?"

"ठेवायची नाहीये गं, फिरवायची आहे," काका म्हणाले.

साळुंक्यांची पिल्ले उडून जाईपर्यंत काकांनी माझ्या छताला हात लावला नाही. मग त्यांनी मला घासले, रंगवले, नवे टायर घातले. नोंदणी, तपासणी सगळे रीतसर झाले. माझ्या पोटात कामाचे टेबल, हवा भरायचा कॉम्प्रेसर, बेअरिंगांचे डबे आणि टायर आले, आणि मी फिरता दवाखाना झाले, खुर्च्यांचा!

दर शनिवारी आम्ही एखाद्या वसाहतीत जायचो. इमारतीच्या खाली जी मोकळी जागा असते, तिला इथे व्हॉइड डेक म्हणतात. तिथे काका खुर्च्या दुरुस्त करायचे. काकू म्हाताऱ्या माणसांना वजनकाट्यावर उभे करायच्या, बसण्याची मापे घ्यायच्या. पुण्याहून नोकरीसाठी आलेली चैत्राली सेंगकांगहून मदतीला यायची. आठवडाभर संगणकापुढे बसणारी ही मुलगी शनिवारी कोपरापर्यंत ग्रीसने माखलेली असायची आणि खूश असायची. बेडोकच्या एका मलाय आजींनी नीट झालेल्या खुर्चीतून दोन गिरक्या घेतल्या आणि माझ्या पत्र्यावर थोपटून त्या म्हणाल्या, "बागुस!" म्हणजे छान. त्या एका शब्दाने माझी इतक्या वर्षांची धूळ उतरली.

मधल्या काळात ओंग मुलीकडे सेंगकांगला राहायला गेले होते. पुढे त्यांना पक्षाघात झाला आणि एक बाजू लुळी पडली. हे कळल्यावर काकांनी विजेवर चालणारी एक जुनी व्हीलचेअर मिळवली आणि तिचा सांधा न् सांधा तपासला. ओंगांचा उजवा हात चालत नव्हता, म्हणून चालवायची दांडी डाव्या हाताला घेतली. पुढच्या शनिवारी बेडोकचे काम उरकून ती ओंगांकडे पोचवायची ठरली.

त्या शनिवारी बेडोकला गर्दी फार झाली. निघायला उशीर झाला, आणि आभाळही भरून आले. चैत्रालीने घाईघाईने सामान भरले. हत्यारांच्या पेट्या, टायर, लोकांनी दिलेल्या जुन्या खुर्च्या आत गेल्या. ओंगांची खुर्ची तिने सगळ्यांत शेवटी, दाराशी चढवली. पोचल्यावर आधी तीच काढायची, म्हणजे सोपे, असा तिचा विचार. खुर्चीच्या पोटात दोन जड बॅटऱ्या होत्या. सगळे ओझे माझ्या चाकांच्या मागे गेले आणि माझे पुढचे टोक अगदी हलके झाले. जोडणीच्या वेळी काकांनी ते एका हाताने सहज उचलले. इतके सहज, की त्यांना शंका यायला हवी होती. पण पावसाचे पहिले थेंब पडत होते आणि ओंग खाली येऊन वाट बघत बसले होते.

हायवेवर थोडा वेळ बरे गेले. मग एका लहानशा उतारावर एक लांबलचक ट्रेलर आमच्या बाजूने जोरात पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने माझी शेपूट हलली. तशी ती एखाद्या वेळी हलते आणि थांबते. त्या दिवशी थांबेना. मी डावीकडे गेले, उजवीकडे आले, पुन्हा डावीकडे, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त. मागे बॅटऱ्यांचे वजन मला फेकत होते आणि मी मोटारीला फेकत होते. मित्रांनो, ज्याने आपल्याला धुळीतून उचलले, त्यालाच आपण रस्त्याबाहेर ढकलत आहोत, हे कळत असताना काहीही करता येऊ नये, याहून वाईट काय असेल?

"काका, ब्रेक! ब्रेक मारा!" चैत्राली मागच्या सीटवरून ओरडली.

"ब्रेक नाही मारायचा," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "कोणी बोलू नका."

त्यांनी वेग वाढवला नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवले नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय तेवढा हळूहळू काढून घेतला आणि चाक सरळ धरून ठेवले. काकूंनी डोळे मिटले होते. मोटार मंदावत गेली. माझे हेलकावे लहान होत गेले, आणि मग मी पुन्हा तिच्या मागे सरळ चालू लागले.

पुढच्याच फाट्याने बाहेर पडून पासिर रिसच्या एका कारपार्कमध्ये आम्ही थांबलो. काका खाली उतरले आणि माझ्या पत्र्याला हात टेकून उभे राहिले.

चैत्रालीला रडू फुटले. "मीच ठेवली ती खुर्ची मागे. माझ्यामुळे..."

"गाडी मी चालवतोय," काका म्हणाले. "निघण्याआधी बघायचं काम माझं. रडू नकोस. सगळं बाहेर काढ."

"सगळं? काका, ओंग अंकल खाली बसलेत!"

"बसू देत. आपण पोचलो तर त्यांना खुर्ची मिळणार ना?"

काकूंनी आपला वजनकाटा आणला. काकांनी मला मोटारीपासून सोडवले आणि माझ्या पुढच्या टोकाचे लहान चाक काट्यावर ठेवले. काटा जेमतेम हलला.

"हे बघ," ते म्हणाले, "हिचं पुढचं टोक मोटारीवर थोडं दाबून बसलं पाहिजे. एकूण वजनाच्या शंभरातले पाच ते सात भाग. फार कमी झालं तर शेपूट हलते. फार जास्त झालं तर मोटारीची मागची बाजू खाली बसते आणि तिच्या पुढच्या चाकांची पकड सुटते."

मग त्या कारपार्कच्या छपराखाली तिघांनी मला पुन्हा भरले. ओंगांची जड खुर्ची आधी आत गेली. ती खाली जमिनीवर, चाकांच्या वर पण किंचित पुढे ठेवली आणि पट्ट्यांनी चारही बाजूंनी बांधली. कॉम्प्रेसर एका बाजूला, तर तेवढ्याच वजनाच्या हत्यारांच्या पेट्या दुसऱ्या बाजूला. जुन्या खुर्च्या त्यांच्या जवळ. वरच्या कपाटात फक्त उशा आणि कापडे. दाराशी काहीच नाही. काटा पुन्हा बघितला, पेटी थोडी सरकवली, पुन्हा बघितला. टायरची हवाही तपासली. काकूंनी प्रत्येक पट्टा स्वतः ओढून पाहिला.

उरलेल्या रस्त्यात मी जराही डुलले नाही. आणखी एक ट्रेलर बाजूने गेला. काकांनी खांदे आखडले, आणि मग सैल सोडले.

ओंग व्हॉइड डेकमध्ये मुलीबरोबर बसले होते. "आयया, सो लेट ला!" ते इथल्या ढंगाच्या इंग्रजीत अडखळत म्हणाले. मग त्यांनी काकांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. काकांनी त्यांना उचलून खुर्चीत बसवले आणि डावा हात दांडीवर ठेवला. ओंगांनी दांडी पुढे केली. खुर्ची निघाली, खांबाला वळसा घालून थेट खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरच्या दिशेने गेली. मुलगी मागे धावली, तर ओंगांनी तिला मान हलवून 'राहू दे' अशी खूण केली. काका माझ्या पायरीवर बसले आणि त्यांनी रुमालाने डोळे पुसले.

आता बहुतेक शनिवारी मोटार चैत्राली चालवते. मागच्या आठवड्यात तिने सामान भरले, वजनकाटा पाहिला आणि पट्टे ओढले. तेवढ्यात काकांनी गुपचूप एक पेटी दाराशी टेकवली.

"काका, ती पेटी इथे नाही."

"अगं, उतरल्यावर पटकन हाताशी येते."

ती फक्त बघत राहिली. काकांनी पेटी मुकाट्याने उचलली आणि पुढे नेऊन बांधली.

मित्रांनो, मला या माणसांनी शेवाळातून बाहेर काढले, काम दिले आणि माझ्या हातून चूक होता होता मला सावरले. त्यांचे उपकार मला बोलून दाखवता येत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते. कधी माझ्यासारखी गाडी ओढून नेलीत, तर निघण्याआधी थोडा वेळ तिला द्या. जड सामान खाली आणि चाकांपाशी ठेवा, हलके तेवढेच वर ठेवा, शेपटीला ओझे देऊ नका, आणि प्रत्येक वस्तू बांधा. उशीर झाला म्हणून कोणी रागावले, तर रागावू द्या. तुम्ही दारात दिसलात की त्याचा राग जातो. मी पाहिले आहे.