बाभळीच्या कोपऱ्यातले पाणमांजर

जंगलात माणसाने बोलू नये, असे सिद्धोधन गुरुजींचे ठाम मत होते. आणि जंगलात शिरल्यापासून अर्धा तास ते हेच मत शुभदाला समजावून सांगत होते.

कवठाळ्याच्या तलावाला लागून असलेले ते जंगल तसे लहानच. जिंतूरच्या बाजूने उतरत येणाऱ्या टेकड्यांवर साग आणि धावडा, मध्ये एखादी सालई, आणि पाण्याच्या अंगाला आले की बाभळीच बाभळी. पौष संपत आला होता. सागाची वाळलेली पाने पायाखाली एवढी वाजत होती की दर चार पावलांनी थांबून कान द्यावा लागे. एकदा असेच थांबले असता समोरच्या उतारावरून पाच रोही, म्हणजे नीलगायी, शांतपणे पाण्याकडे गेल्या. गुरुजींनी श्वास रोखून धरला, आणि त्या दिसेनाशा होताच पुन्हा बोलायला सुरुवात केली.

त्यांच्या बोलण्यामागे भीती होती, हे शुभदाच्या लक्षात आले होते. ती परभणीची, नद्यांच्या आणि तळ्यांच्या काठी राहणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करणारी. गुरुजींनी तिला पत्र लिहून बोलावले होते, आणि पत्रात कारण मुद्देसूद मांडले होते. गावच्या शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी, म्हणजे आठ वर्षांपूर्वी, त्यांनी तलावाच्या पूर्वेकडील बाभळीच्या कोपऱ्यात पाणमांजर पाहिले. भल्या सकाळी, खडकावरून, दुर्बिणीतून. मागाहून चिखलात पायाचा ठसाही सापडला. त्याच आठवड्यात त्यांनी गावाची बैठक बोलावली आणि दोन तास वाद घालून ठराव करून घेतला की त्या कोपऱ्यात कुणी जाळे टाकायचे नाही, बाभूळ तोडायची नाही, गुरे धुवायची नाहीत. मासेमारी करणाऱ्या भोयांनी कुरकुर करत मान्य केले. आठ वर्षांत तो कोपरा पाखरांनी भरून गेला, आणि गुरुजींची सकाळ तिथेच उगवू लागली.

आता नवे सरपंच बालाजी यांनी सरळ विचारले होते : "गुरुजी, आठ वर्षांत ते जनावर दुसऱ्या कुणालाच कसं दिसलं न्हाई? पुरावा द्या, न्हाईतर जाळी पडू द्या." आज अकरा वाजता शाळेच्या व्हरांड्यात बैठक होती. शुभदाने 'आहे' म्हटले तर कोपरा बंद राहणार होता. 'नाही' म्हटले तर उद्यापासून तिथे जाळी पडणार होती.

दोघे काठाने सावकाश फिरले. पाण्यात अर्धे बुडालेले बाभळीचे जुने बुंधे उभे होते, त्यांच्यावर खंड्या, त्यांच्या पलीकडे थापट्या बदकांचा मोठा थवा. शुभदा प्रत्येक खडकाशी वाकून पाहत होती. माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा, घसरणीची वाट, बीळ. जे असायला हवे होते त्यातले काहीच नव्हते.

"आधीचा काही पुरावा आहे का, सर?"

गुरुजींनी पिशवीतून जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला प्लास्टरचा ठसा काढला. हा ठसा त्यांनी स्वतः ओतला होता, स्वतः वाळवला होता, आणि मागे तारीख कोरली होती. शुभदाने तो दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ पाहिला.

"हा एकाच पायाचा ठसा आहे, याची खात्री आहे ना?"

"पाच बोटे आहेत," गुरुजी म्हणाले. "कुत्र्याला चार उमटतात, मांजराला चार, कोल्ह्याला चार. पाच बोटे मोजायला विद्यापीठात जावे लागत नाही, बाई."

शुभदा रागावली नाही. तिने ठसा तिरपा धरला. कोवळे ऊन त्यावर आडवे पडले, आणि तळव्याच्या उंचवट्यात एक बारीक कड उमटली. मग त्या कडेच्या मागे दुसरी. चालणाऱ्या जनावराचा मागचा पाय कित्येकदा पुढच्या पायाच्या खुणेवरच पडतो, हे गुरुजींनी शाळेतल्या मुलांना शंभरदा शिकवले होते. चार बोटे वरच्या पावलाची होती. पाचवे खालच्या पावलाचे राहून गेले होते. आठ वर्षे ते बोटे मोजत आले होते; तळवे मोजायचे त्यांना सुचले नव्हते.

गुरुजींनी ठसा परत घेऊन फडक्यात गुंडाळला. 

कोपऱ्याच्या हद्दीबाहेर, एका सपाट दगडावर, वच्छलाबाई जाळे उलगडून बसली होती. पन्नाशीची भोईण, मुंजाजी भोयाची विधवा. बैठकीत कोपरा मोकळा होईल या आशेने तिने जाळे बाहेर काढले होते.

"काय गुरजी, घावलं का तुमचं मांजर?"

"वच्छलाबाई," गुरुजींनी विचारले, "त्या साली तुम्ही इथेच जाळी टाकत होता. खरे सांगा. मी काय पाहिले होते?"

ती हसायला लागली, आणि त्यांचा चेहरा पाहून मध्येच थांबली.

"आता विचारायलाव व्हय? आमचा राजा होता त्यो. कुत्रं. मासळीच्या वासानं पान्यात पडायचं आन नाक तेवढं वर काढून पव्हायचं. तुमी खडकावर दुर्बीण लावून बसलेले, मी बाभळीच्या आडून तुमाला बगायल्ते."

"आणि आठ वर्षे गप्प राहिलात?"

"तुमी दुपारी पेढे वाटले ना, गुरजी. मग कुत्रं हाय म्हनून कसं सांगावं?" तिने जाळ्यातली गाठ दाताने सोडवली. "तवा वाटलं, दोन दिसात तुमचं तुमालाच उमगंल. मग ठराव झाला. घरी मालक म्हनले, गप बस. म्हनले, धा साल मी ह्या लोकायला सांगून बेजार झालो की पयल्या पुरात मासळी अंड्याला ह्याच कोपऱ्यात चढती, दोन म्हैने हितं जाळं टाकू नका. भोयाचं कोन ऐकतं? गुरजीचं ऐकलं. राहू दे त्यांचं मांजर."

"दोन महिने?"

"आषाढ-श्रावण. बारा म्हैने तुमीच बंद केला की. आमाला वळसा घालून खोल पान्यात जावं लागतं, त्ये येगळंच."

परतीच्या वाटेवर गुरुजी पुढे चालत होते. जंगलात बोलू नये हा नियम आता त्यांनी पुरेपूर पाळला. शाळेचे पत्रे दिसू लागले तेव्हा शुभदा मागून म्हणाली, "सर, एका सकाळच्या पाहणीवर 'नाही' असे खात्रीने म्हणता येत नाही. 'निश्चित सांगता येत नाही, आणखी पाहणी हवी' असे मी म्हटले तर ते खोटे होणार नाही. कोपरा अजून वर्षभर टिकेल."

गुरुजी थांबले. ही सूचना आपल्याला किती आवडली, याचीच त्यांना भीती वाटली. थापट्या आठवल्या, आणि त्यांच्या अंगाखालचे संथ पाणीही. एक वर्ष म्हणजे आणखी एक हिवाळा. पण वाक्य खरे असणे आणि ते बोलणारा माणूस खरा असणे यांत अंतर असते, यावर ते चाळीस वर्षे मुलांशी, सहकाऱ्यांशी आणि घरच्यांशी भांडत आले होते. आणि दर वेळी जिंकले होते.

"तुम्हाला निश्चित सांगता येत नाही," ते म्हणाले. "मला येते."

व्हरांड्यात तीस-चाळीस माणसे जमली होती. शुभदाची ओळख होण्याआधीच गुरुजी उठून उभे राहिले.

"तलावात पाणमांजर नाही. कधी नव्हते. मी पाहिले ते मुंजाजी भोयांचे कुत्रे होते."

एकदम असे हसू फुटले की मागच्या भिंतीला टेकलेले म्हातारेही सरळ बसले.

"म्हंजे राजानं आठ साल सरकार चालिवलं म्हना की," कुणीतरी म्हणाले.

"आन माझी जाळी कुत्र्यापायी घरात कुजली," दुसऱ्याने जोडले. त्याच्या आवाजात हसू नव्हते.

गुरुजींनी हसू संपू दिले. मग ते म्हणाले, "माझी चूक तुम्ही दोन तासांत मान्य केलीत. मुंजाजींचे खरे म्हणणे दहा वर्षे ऐकले नाहीत. ते काय म्हणत, ते वच्छलाबाई सांगतील."

"तुमीच सांगा, गुरजी," वच्छलाबाई पदर ओढून म्हणाली. "तुमाला सवय हाय."

"माझ्या तोंडून ऐकले की काय होते, ते आपण पाहिले."

ती उठली नाही; बसल्या जागेवरूनच, जमिनीकडे पाहत बोलली. पहिला पूर, अंड्याची मासळी, आषाढ-श्रावण. ज्याची जाळी कुजली होती तोच भोई मध्येच म्हणाला की अलीकडे खोल पाण्यात रोहू पूर्वीपेक्षा मोठे सापडतात, हे मात्र खरे आहे. मग इतर भोई बोलू लागले, एकमेकांना तोडून, आणि बालाजी सरपंच तासभर नुसते मान वळवत राहिले. शेवटी ठरले की आषाढ-श्रावण कोपरा बंद, उरलेले दहा महिने जाळी मोकळी. बाभळीला हात लावायचा नाही, हे वच्छलाबाईनेच ठरावात घालून घेतले. बुंध्यांच्या आडोशाशिवाय मासळी येत नाही, म्हणाली.

"गुरुजी, तुमचं काय म्हणनं?" सरपंचांनी विचारले.

हिवाळी पाखरांच्या बाजूने सात मुद्दे गुरुजींपाशी तयार होते, आणि त्यांतला एकही खोटा नव्हता. 

"पाखरांसाठी मला भांडायचे आहे," ते म्हणाले. "पण आज मला तो हक्क नाही. पुढच्या बैठकीत भांडेन."

"भांडा की," मागून आवाज आला. "या टायमाला कुत्रं नका आनू म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीची गाडी धरण्याआधी शुभदा तलावावर आली, तेव्हा गुरुजी खडकावर आधीच येऊन बसले होते. वच्छलाबाई आणि आणखी दोघे कंबरभर पाण्यातून बाभळीच्या कोपऱ्यात शिरत होते. जाळे पाण्यावर पडले, आणि थापट्यांचा सबंध थवा एकदम उठला; पंखांचा आवाज टेकडीवर आपटून परत आला.

शुभदाने त्यांच्याकडे पाहिले. ते वर पाहत होते.

"मोजा," ते घाईने म्हणाले. "पुढच्या बैठकीत आकडा लागेल. डावीकडचे तुम्ही, उजवीकडचे मी. उडताना एकही लपत नाही."