एका गाडीत दोन खाती

माझं मागचं दार जरा जोरात ओढावं लागतं आणि थंडीत मी दोनदा खोकल्याशिवाय सुरू होत नाही. एवढं सोडलं तर माझी कसली तक्रार नाही. मी दुरुस्तीची गाडी. माझ्या अंगावर रंगाचे दोन थर आहेत. वरचा पांढरा तुम्हाला दिसतो, खालचा पिवळा फक्त मला आठवतो.

पिवळी होते तेव्हा मी भागातल्या गॅस कंपनीची होते. पाठीत नळ्या, पाने, झडपा बंद करायच्या लांब दांड्याच्या चाव्या आणि स्टिअरिंगवर फिटरकाका. सगळे त्यांना 'नाकवाले काका' म्हणत. गल्लीच्या तोंडाशी ते काच खाली करायचे, एकदा हुंगायचे आणि सांगायचे, "डावीकडचं तिसरं घर." बहुतेक वेळा तिथेच गळती निघायची. त्यांना त्याचा भारी अभिमान. खोटं कशाला बोलू, मलाही होता.

समोरून वीज कंपनीची निळी गाडी आली की काका तिकडे बघायचेही नाहीत. "ठिणगीवाले," एवढंच पुटपुटायचे. ते लोक आम्हाला 'उंदीर' म्हणायचे, कारण आम्ही सतत जमीन उकरत असायचो.

मग सगळी व्यवस्थाच बदलली. वीज आणि गॅस विकणाऱ्या कंपन्या वेगळ्या झाल्या. ज्याला जिच्याकडून पटेल तिच्याकडून त्याने घ्यावं. पण रस्त्याखालच्या नळ्या आणि खांबांवरच्या तारा काही प्रत्येकीच्या निराळ्या टाकता येत नाहीत. त्या सांभाळायला दोन्ही जुन्या कंपन्या मिळून एकच कंपनी केली. कागदोपत्री हे जमेपर्यंत मी सात महिने आवारात उभी होते. बॅटरी उतरली, टायर बसले, बॉनेटखाली एका पाखराने संसार थाटला. मला वाटलं, आता भंगारात.

पण एके दिवशी मला धुतलं, पांढरं रंगवलं आणि टपावर चक्क शिडी बसवली. शिडीबरोबर आली खांबताई. वीज कंपनीतली तारवाली, चाळिशीची, खांबावर सरसर चढणारी.

"अहो बाई, त्या बाजूला माझ्या चाव्या असतात," काका म्हणाले.

"असू द्या की. मी त्यांच्यावर बसणार नाहीये," ती म्हणाली.

पहिला महिना असाच गेला. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, सहा महिन्यांनी परीक्षा होईल आणि ज्याला दोन्ही कामं येतील तोच गाडीवर राहील. मग नाइलाजाने दुपारच्या सुट्टीत शिकवण्या सुरू झाल्या. ती डबा खाता खाता तारांच्या जोडण्या समजावायची, ते चमच्याने हवेत नळ्या काढून दाखवायचे. काकांचं 'अहो बाई' कधी 'अगं' झालं ते त्यांनाही कळलं नाही.

एका दुपारी काकांनी दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. तिच्या थर्मासमधलं दूध कालपासून नासलं होतं. ती शेजारी बसून शांतपणे पोळी खात होती.

काकांनी थर्मास तिच्या नाकाखाली धरला. "तुला वास येत नाही."

तिचा घास हातातच राहिला. "दोन वर्षांपूर्वी ताप आला होता. तेव्हापासून नाही. काका, कोणाला सांगू नका. घरात कमावणारी मी एकटी आहे."

"अगं, गॅसचं काम आहे हे! परीक्षेच्या अर्जात लिहायला लागेल. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"सांगा. म्हणजे गाडी तुमची एकट्याची होईल."

हे काकांच्या जिव्हारी लागलं. चार दिवस माझ्यात कोणी शब्द काढला नाही. इतकी शांत मी आवारातसुद्धा नव्हते.

पाचव्या दिवशी एका तळघरातल्या धुलाई केंद्रातून फोन आला. सकाळी गॅसचा वास येत होता, आता येत नाही, आणि शिवाय विजेचा एक मीटर बंद पडलाय. काका खाली गेले, ती बाहेरच्या पेटीवरचा मीटर बघत राहिली. खाली काय झालं ते मला नंतर त्यांच्या बोलण्यातूनच कळलं. काका अर्धा तास साबणाच्या वाफेत फिरले आणि केंद्राच्या मालकिणीला म्हणाले, "काही नाही. लावा तुमची धुलाईची यंत्रं." तेवढ्यात ती पायऱ्या उतरली. तिच्या हातातल्या गॅस मोजायच्या यंत्राने कर्कश शिट्टी मारली.

"बटणाला कोणी हात लावू नका! आहात तसे बाहेर!"

तिचा आवाज मी रस्त्यावर ऐकला. पाठोपाठ ओल्या हातांची माणसं धावत वर आली. सगळ्यांच्या मागून काका. त्यांनी माझ्या पाठीतून लांब चावी ओढली आणि रस्त्यातली झडप बंद केली. गळती भिंतीमागे होती. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

काम आटोपल्यावर काका माझ्यात येऊन बसले. चेहरा उतरलेला.

"मला आलाच नाही गं वास."

"फार वेळ एकाच हवेत राहिलं की नाक थकतं, काका. तुम्हीच शिकवलंत मला."

"शिकवलं खरं. माझ्या नाकाला ते लागू आहे असं वाटलं नव्हतं."

ती यंत्र पेटीत ठेवत म्हणाली, "मला ऑफिसात सोडा. अर्ज भरायचाय. खरा."

काकाही तिच्याबरोबर आत गेले. तासाभराने दोघं बाहेर आले ते हसत. काकांनी साहेबांसमोर आधी स्वतःची चूक सांगितली होती. नियम ठरला, नुसत्या नाकावर यापुढे कोणीच 'काही नाही' म्हणायचं नाही. प्रत्येक गाडीत दोन यंत्रं हवीत आणि रोज सकाळी ती तपासायची. खांबताईला त्या अटीवर परीक्षेला बसू दिलं. ती पहिल्या फटक्यात पास झाली. काका तारांच्या पेपरात घसरले आणि दुसऱ्यांदा सुटले. तिने त्यांना आठवडाभर छळलं.

आता लोक विचारतात, "गॅसवाला कुठाय?" ती म्हणते, "मीच." बिलाबद्दल कोणी भांडायला आलं की दोघं एका सुरात सांगतात, "बिलवाले वेगळे, आम्ही दुरुस्तीवाले."

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. रस्त्याच्या कडेला लोखंडी झाकण दिसलं तर त्यावर गाडी उभी करू नका. खाली आमची झडप असते आणि तिची गरज लागते तेव्हा तुम्हाला शोधत बसायला वेळ नसतो.

बाकी माझं उत्तम चाललंय. हल्ली संध्याकाळी परतताना स्टिअरिंग खांबताईकडे असतं. काका शेजारच्या सीटवर डोकं टेकवतात आणि पुढच्या वळणाच्या आत घोरू लागतात. इतक्या वर्षांत माझ्यात ते कधी झोपले नव्हते. खड्डा आला की ती गाडी हळू घेते, आणि मीही शक्य तितकी कमी खडखडते.