सोसायटीचा पातेरा

मुंबईतल्या एका टोलेजंग सोसायटीला २०१७ साली एकाएकी पश्चात्ताप झाला. घरोघरचे एसी, सतत वरखाली करणाऱ्या लिफ्ट, गच्चीवरचा पोहण्याचा तलाव आणि त्याचं पाणी फिरवणारा पंप, या सगळ्यांपायी हवेत किती कार्बन जातो हे कुणीतरी सभेत सांगितलं आणि सभासदांची झोप उडाली. एसी बंद करावा असं अर्थातच कुणाच्या मनात आलं नाही. झोप उडालेल्या माणसाला तर तो जास्तच लागतो. त्यापेक्षा आपला कार्बन शोषून घेणारी झाडं कुठेतरी लांब, स्वस्तात मिळतात का ते पाहायचं ठरलं. ती मिळाली तलासरीच्या पूर्वेला, डोंगराला टेकलेल्या एका पाड्याच्या डोक्यावर.

मिळवून दिली धनेशने. तलासरीला हायवेलगत त्याची संस्था होती. संस्था म्हणजे एक खोली, एक पाटी आणि खुद्द धनेश. त्याने पाड्याला कोंबडीचं जेवण घातलं आणि ते जिरायच्या आत वरच्या उताराभोवती काटेरी तार आली. आत रोपं लावली, ती मे महिन्यात वाळून गेली. मग धनेशने उतारावरच्या ऐनाच्या जुन्या झाडांनाच पाट्या ठोकल्या. झाड आजोबांच्या वेळचं आणि पाटीवर सोसायटीतल्या फ्लॅटचा नंबर. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, ते असं.

पाड्यातल्या हिराबाईला त्याचं काही वाटलं नव्हतं. उलट तारेची राखण तिलाच मिळाली होती आणि पाड्यात तिचा रुबाब वाढला होता. बाईला मुळात बोलायची हौस, त्यात हाती अधिकार. कुणाची शेळी तारेच्या आसपास दिसली तरी हिराबाई शेळीच्या मालकिणीचं माहेर-सासर एक करायची. थंडी सरत आली आणि राबाची तयारी करायची वेळ झाली, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण दुसऱ्याच्या वतीने आपल्यालाच हाकलतो आहोत.

राब म्हणजे भाताचं रोप वाढवायची जागा. तिथे शेण, ऐनाच्या डहाळ्या, वाळक्या पानांचा पातेरा, गवत असे थर घालायचे, वर माती पसरायची आणि पेटवून ते सगळं सावकाश धुमसू द्यायचं. जमीन भाजली की तणाचं बी मरतं आणि भाताचं रोप टणक येतं. न भाजलेल्या जमिनीत तण माजतं, रोप पिवळं पडतं, आणि रोप गेलं की वर्षाचा भात गेला. हिराबाईचा राब एकच, अंगणाएवढा. घरातली सगळी तोंडं त्या अंगणाएवढ्या जमिनीवर अवलंबून, आणि डहाळ्या मात्र तारेच्या आत.

तिने धनेशला गाठलं. "दोन-चार डहाळ्या उतरवू दे. ऐनाला फांदी परत फुटते, तुला काय ठावं नाय?"

"हिराबाय, तो ऐन आता अकराशे चारचा हाय. त्यांनी त्याचा फोटो लावलाय घरात."

"अकराशे चार कोण?"

"फ्लॅट. आणि यंदा राब जाळायचाच नाय. धूर वर जातो, आभाळ तापतं. मॅडमनी सांगितलंय."

"मॅडम भात नाय खात?"

"खातात की," धनेश म्हणाला. "बासमती."

या मॅडम म्हणजे दक्षाबेन, सोसायटीच्या पर्यावरण समितीच्या अध्यक्ष. त्यांच्या डोक्याला त्या दिवसांत वेगळाच ताप होता. सोसायटीच्या आवारातली झाडं पानं गाळत होती. झाडूवाले ती कोपऱ्यात पेटवून द्यायचे, तर कुणीतरी तक्रार केली आणि पालिकेचा दंड बसला. निसर्गाचं निसर्गाला परत द्यावं, असा थोर विचार दक्षाबेनच्या मनात आला. निसर्ग तलासरीला असल्याचं त्यांना माहीत होतंच. फाल्गुनात एक ट्रक भरून पानं, प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून, हायवेने पाड्यावर येऊन पोचली. राखणदारीण म्हणून ढीग हिराबाईच्या दारात पडला.

"खड्डा खणा, कुजवा, खत करा," धनेशने बजावलं. "काडी लावायची नाय."

हिराबाईने पिशव्या सोडल्या. ओळखू न येणाऱ्या झाडांची बारीक वाळकी पानं, त्यांत वेफर्सची पाकिटं आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा फुगा. कचरा तिने निवडून टाकला. मग ढिगाकडे पाहिलं, राबाकडे पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. काकड्या हा माणूस शब्द जपून वापरायचा. घरातले सगळे शब्द बायको वापरते म्हटल्यावर त्याच्या वाट्याला उरणार तरी किती. तो म्हणाला, "कुजायला वरीस लागंल."

एवढं पुरे झालं. दोघांनी शेण टाकलं, सोसायटीचा पातेरा पसरला, वर माती घातली आणि वैशाखात एका सकाळी राब पेटवला. ज्या धुराला मुंबईत दंड होता, तो दीडशे किलोमीटरचं डिझेल पिऊन इथे आला आणि निवांत आभाळात गेला. माती जरा जास्तच पडल्यामुळे पानांची पुरती राख झाली नाही. राब कोळशासारखा काळाकुट्ट झाला. हिराबाईला त्याचं काही नव्हतं. जमीन भाजली होती, तिचा जीव भांड्यात पडला होता.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात दक्षाबेन आल्या. सुट्टीला त्या जवळच्या चिखले गावी समुद्रावर उतरल्या होत्या, येता येता आपलं जंगल पाहून जावं म्हणाल्या. तीन गाड्या पाड्यात शिरल्या. माणसं उतरली तरी इंजिनं चालूच राहिली, कारण एका गाडीत कुत्रं होतं आणि त्याला उकाडा सोसत नव्हता. कार्बनवर दक्षाबेन चार वाक्यं बोलल्या, मग त्यांची नजर काळ्या राबावर गेली.

"हे काय आहे?"

धनेशचं तोंड उतरलं. हिराबाईला पुढचं सगळं दिसू लागलं. राखण जाणार, चारचौघांत शोभा होणार, ज्यांच्या शेळ्यांवरून ती तोंडसुख घेत आली त्या बाया तर वाटच पाहत उभ्या होत्या. पण तिची जीभ कधी कुणासाठी थांबली नव्हती, ती खुद्द हिराबाईसाठी तरी कशी थांबावी.

"तुमचाच पातेरा, मॅडम," ती म्हणाली. "जाळला नाय. मातीखाली दाबला. दाबला का आपोआप काळा होतो. आमच्यात आजा-पणजापासून असाच करतात."

दक्षाबेननी खाली वाकून एक काळा तुकडा उचलला. त्यांचे डोळे चमकले. "धनेश, हे बायोचार आहे. म्हणजे आपल्या पानांतला कार्बन हवेत गेलाच नाही, शेकडो वर्षं मातीत राहणार. हिराबेन, तुम्ही तर एक्सपर्ट निघालात."

हिराबाईला त्यातलं 'एक्सपर्ट' तेवढं कळलं, कारण तलासरीच्या मोटार गॅरेजवर तसं लिहिलेलं होतं. ती फुलून गेली. फोटो निघाले. हातात काळा तुकडा धरून, पदर सावरून, ती मॅडमच्या शेजारी उभी राहिली.

"आणि मग याला हात लावत नाही ना तुम्ही?" दक्षाबेननी विचारलं.

"छ्या," हिराबाई ऐटीत म्हणाली. "हात कोण लावतो?"

हात दाखवून अवलक्षण दुसरं काय असतं? पुढच्याच आठवड्यात धनेश चार खुंट, तारेचं भेंडोळं आणि एक पाटी घेऊन आला. पाटीवर सोसायटीचं नाव होतं आणि खाली 'कार्बन तिजोरी'. राबाला चारी बाजूंनी तार लागली.

"आता यात नांगर घालायचा नाय," तो म्हणाला. "माती उलटली का कार्बन उडून जातो. सोसायटीने मोठ्या लोकांना फोटो पाठवलेत."

"अरे, माझा राब हाय तो. रोप कुठं टाकू?"

"मग तेव्हा सांगायचंस ना. हात कोण लावतो, हे मी बोललो का तू?"

हिराबाई तारेबाहेरून राबाभोवती एक फेरी मारून आली. तिला धनेशचा राग आला, मॅडमचा आला, पण सगळ्यांत जास्त आला तो स्वतःच्या जिभेचा. त्या दिवसापासून पाण्याला निघाली की बाया मुद्दाम तिला ऐकू जाईल असं म्हणत, "हिराबाय, तारेजवळ जाऊ नको गं, ओरडा बसंल." ती खाली मान घालून हंडा उचलायची. आगीतून निघून फुफाट्यात पडावं तसं झालं होतं.

मिरग निघाला. पाड्यात जो तो आपापल्या राबात बी टाकू लागला. उसनं रोप मागावं तर कुणी देणार नव्हतं. एरवी दिलं असतं, पण शेळ्यांचा हिशोब सगळ्यांच्या लक्षात होता. हिराबाई बियाण्याची टोपली काखेला लावून आपल्याच राबाच्या तारेबाहेर उभी राहिली. पेरायचं राहिलं तर पोरं पुढचं वर्ष काय खातील, या विचाराने तिला रडू आलं. ते तिने लपवलंही नाही.

काकड्या बैल घेऊन मागे येऊन उभा राहिला होता. "पेरायचं का नुसतं बघायचं?" त्याने विचारलं.

हिराबाईने टोपली खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी खुंट हलवायला सुरुवात केली. धनेशने खुंटही त्याच्या रोपांसारखेच वरवर लावले होते, ते लगेच निघाले. काकड्याने नांगर आत घातला. काळी माती उलटू लागली.

कुणीतरी फोन केला असावा, कारण धनेश मोटरसायकलवरून चिखल उडवत आला. नांगर पाहून त्याने कपाळाला हात लावला. मग जरा विचार करून म्हणाला, "पाटी तरी राहू दे. रोप आलं का हिरवंगार दिसंल, फोटो बरा येईल. राखण मात्र उद्यापासून दुसरीला देतो."

"दे," हिराबाई म्हणाली.

"पण मॅडमनी कार्बनचं विचारलं तर? काय सांगू, कुठं गेला?"

हिराबाईने मूठभर बी घेतलं. "सांग, त्यांचाच व्हता," ती म्हणाली. "घरी गेला."

आणि ती नांगरामागून बी फेकत निघाली.