गर्दीतली छत्रीवाली

कॉमिक्समधला गडगड्या आकाशातून उडत निघाला, की खालच्या गर्दीतले सगळे आ वासून वर बघायचे. एक छत्रीवाली तेवढी समोर बघायची, थेट वाचकाकडे. प्रत्येक अंकात, कुठल्या तरी कोपऱ्यात. ती चित्रकाराची बायको. "वर बघून मान दुखते," असं तिनं पहिल्याच अंकाच्या वेळी सांगून टाकलं होतं, "आणि तुझ्या त्या गडगड्याला म्हणावं, येताना साबण आण." पुढे ती गेली, पण गर्दीतली जागा काही तिनं सोडली नाही.

डोळे साथ देताहेत तोवर चित्रकाराला तिच्या गोष्टींचं एक पुस्तक काढायचं होतं. छापणार तिचाच धाकटा भाऊ, कॉमिक्सचा मालक. पण मालक पार बुडाला होता. कागदवाला त्याचा फोन उचलत नव्हता आणि छापखानेवाला उचललेला फोन ठेवत नव्हता. शेवटी त्यानं गडगड्याचे सिनेमाचे हक्क विकायला काढले.

"पैसे आले की पहिलं पुस्तक ताईचं, भावोजी. शब्द देतो."

सिनेमा कंपनीनं भाव पाडला. गडगड्या म्हणे म्हातारा झाला. नाव असलेल्या प्रत्येक पात्राचे मात्र थोडे जास्त मिळणार होते. मग काय, दोघं गर्दीला नावं द्यायला बसले. हवालदार, न्हावी, लंगडं कुत्रंसुद्धा सुटलं नाही.

"आणि ही?" मालकानं छत्रीवर बोट ठेवलं.

"तिला कशाला मध्ये ओढतोस?"

"अहो, तिच्याच पुस्तकाला कागद येईल त्यातून!"

हे चित्रकाराला पटलं. त्यानं स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: छत्रीवाली.

पैसे आले, कागदही आला. मालक शब्दाला जागला, तेच नडलं. पुस्तकाची जाहिरात झळकली आणि कंपनीच्या वकीलबाई दारात हजर.

"जुने अंक खुशाल विका. विकलेल्या पात्रांची नवी गोष्ट काढायची नाही, असं कलम आहे."

"अहो, ती माझी बायको आहे!" चित्रकार म्हणाला.

"असेल. करारात ती पात्र आहे."

"मग सिनेमात घेणार तिला?"

"छे! गर्दी आता कॉम्प्युटरवर करतात."

"बरं, हे कलम किती दिवस?"

"सिनेमा निघेपर्यंत."

"तो कधी निघणार?"

"निघणार असं कोण म्हणालं?" वकीलबाईंनी चहाला नको म्हटलं आणि त्या गेल्या.

मालकानं हात वर केले. "सही माझी आहे, भावोजी, पण अक्षर तुमचं." पुस्तकासाठी आणलेला कागद त्यानं आठवडाभरात वह्यावाल्याला विकला.

घरच्या घरी काढायला मनाई नव्हती. पण चित्रकार मुळातच भित्रा. तो सकाळी छत्रीखाली तिचा चेहरा काढायचा आणि संध्याकाळी खोडून टाकायचा, रोज त्याच एका कागदावर. दिवसेंदिवस डोळ्यांना कमी दिसू लागलं, रबर मात्र बरोबर जागेवर फिरायचं. शेवटी चेहऱ्याच्या जागी भोक पडलं. वर छत्री तशीच शाबूत.

त्या भोकाचे हक्क कुणाकडे, हे विचारायला तो काही वकीलबाईंकडे गेला नाही.