स्टॉकहोमच्या पुढे

“संध्याकाळी स्टॉकहोमला जहाजात चढायचं, निवांत झोपायचं, सकाळी हेलसिंकी,” म्हणत बाबांनी आईच्या पांघरुणावर नकाशा पसरला. “पोटातलं पाणीसुद्धा हलणार नाही.”

मी औषधाच्या बाटल्या आवरत होते. आता वाद रंगणार, हे मला पाठ होतं. आमच्या घरात कुणाकडे पासपोर्टही नाही. पण नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या सहलीवरून आईबाबा माझ्या लहानपणापासून भांडत आलेत. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. सरळ वर, सरळ खाली. वळसा त्यांना खपत नसे. आई शाळेचे गणवेश शिवायची, आणि तिला साध्या होडीतही मळमळायचं. तिचं म्हणणं, रेल्वेने पार वर जाऊ, मध्ये बस पकडू आणि समुद्राला वळसा घालून पलीकडून खाली उतरू.

“दोन दिवस फुकट मोडतील!” बाबा करवादायचे.

“मोडू देत. तुम्हाला तिकडे कुठली लिफ्ट चालू करायचीय?”

या एका रात्रीच्या प्रवासावरून दोघांनी अबोलासुद्धा धरला होता.

आज सकाळी डॉक्टर म्हणाले, “घरी न्या. आवडेल ते खाऊ द्या.” हे बोलणं दाराबाहेर झालं, पण आईचे कान तिखट.

तिने नकाशाकडे पाहिलंही नाही. “चालेल,” ती म्हणाली. “जहाजाने जाऊ.”

इतक्या वर्षांत बाबा पहिल्यांदाच जिंकले होते आणि त्यांचा चेहरा पार उतरला.

“चालेल काय? तुला मळमळेल.”

“मळमळू दे. एकदा तुमच्या मनासारखं होऊ दे.”

“माझ्या मनाचं काय घेऊन बसलीस? नाही म्हण ना!” त्यांचा आवाज चढला. “भांड की जरा!”

आईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि डोळे मिटले. मला दोघांचाही राग आला. तिने आशा सोडली म्हणून, आणि ते त्यांना इतक्या लगेच कळलं म्हणूनही.

थोड्या वेळाने बाबा पुन्हा नकाशावर वाकले.

“जहाजबिहाज काही नाही,” ते दरडावून म्हणाले. “रेल्वेनेच जायचं. वळसा पडला तर पडू दे.”

आई झोपली होती. तरी ते एकेक स्टेशन मोठ्याने वाचत, नकाशावर बोट सरकवत वर निघाले. तिच्या गुडघ्यापाशी कागदाला उंचवटा आला होता. तिथे त्यांनी बोट अलगद उचललं आणि पलीकडे टेकवलं.