तिथं आपलं कोण आहे?

दुकान

बाबांचं दुकान कुलपांचं. कुलपं, कड्या, बिजागऱ्या, दाराच्या साखळ्या. सगळा माल मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेला आणि त्याच्यापुढे स्टुलावर बसून बाबा किल्ल्या घासायचे. गल्लीतल्या निम्म्या दारांची कुलपं त्यांच्या हातची. शेजारची इस्त्रीवाली म्हणायची, "तुझे बाबा आहेत म्हणून आम्हाला बिनघोर झोप लागते गं." धाकटीला लहानपणी या वाक्याचा फार अभिमान वाटायचा.

आता धाकटी लहान नव्हती. कृत्रिम हातपाय बनवायचं शिक्षण नुकतंच पुरं झालं होतं. कापल्यावर उरलेल्या पायाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, तो तासायचा, माणसाला कुठं टोचेल ते आधी आपल्या बोटांनी ओळखायचं. तिची बोटं तयार होती. दोन शहरांतून नोकरीचं बोलावणं आलं होतं. निवड करायची होती.

पहिलं शहर

तिथली कार्यशाळा लहान मुलांसाठी हात बनवायची. मूल वाढतं, बनवलेला हात वाढत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा नवा. किचकट काम, आणि धाकटीला नेमकं तेच हवं होतं. नोकरी करणाऱ्या मुलींचं वसतिगृहही चालत जाण्याइतकं जवळ.

"तिथं आपलं कोण आहे?" बाबांनी जेवताना विचारलं.

"वसतिगृहात मुली आहेत की, बाबा."

"मुली नाही. आपलं कोण आहे?"

दादाला हसू फुटलं. "हिला काय, चार प्लास्टरचे पाय जवळ असले की गोतावळा पुरा झाला."

"तू गेलास तेव्हा तुझं कोण होतं रे तिथं?"

"माझी गोष्ट वेगळी."

ती कशी वेगळी, हे त्या घरात कधी कुणी विचारलं नव्हतं. दादा अनोळखी पोरांबरोबर एका खोलीत राहायला गेला, तेव्हा बाबांचा एकच प्रश्न होता : गादी आहे ना?

दुसरं शहर

तिथं थोरले काका होते. नोकरी होती कुबड्या आणि कमरेचे पट्टे विकायच्या दुकानात. बनवायचं काहीच नाही.

"घरचं जेवण, घरचं छप्पर," बाबा म्हणाले. "काका म्हणालेत, खोली झाडून ठेवलीय. बापासारखे आहेत ते तुला."

त्या खोलीला आतून कडी नव्हती.

मागच्या वर्षी तिथल्या इस्पितळात प्रात्यक्षिकं होती, तेव्हा धाकटी त्याच खोलीत राहिली होती. दुपारी काकू बाहेर पडल्या की काका चहा घेऊन यायचे. दार न वाजवता. पलंगाच्या कडेला बसायचे, दमलीस का गं म्हणत पाठीवरून हात फिरवायचे, आणि तो हात जिथं थांबायला हवा तिथं थांबायचा नाही. मग धाकटी दाराला टेबल लावून अभ्यास करू लागली. काकूंनी सगळ्यांना सांगितलं, "पोरगी हुशार आहे, पण माणूसघाणी."

कोरी ओळ

"मला काकांकडे नाही जायचं," धाकटी म्हणाली.

"का?"

इथं तिचं एक वाक्य यायला हवं होतं.

. . . . . . . . . . . . . . . . . . . .

वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. पण दुकान काकांनी थाटून दिलेलं. त्यांचा विषय निघाला की घरात आवाज आपोआप खाली यायचा. समोर तीन चेहरे, हातात घास. बाहेर आलं ते एवढंच : "तिथं मला बरं वाटत नाही."

"बरं वाटायला सहलीला चालली आहेस का?" दादा म्हणाला.

आईच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. "पुरे. मुकाट्यानं जेव."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं बाबांकडे. मग बाबा ताटाशी बोलल्यासारखे म्हणाले, "ठरलं तर मग. काकांना कळवतो."

धाकटीनं पहिल्या शहराला नकार कळवला. कार्यशाळेच्या बाई फोनवर म्हणाल्या, "अगं, पण का?" तिनं फोन ठेवून दिला.

बस

बॅग आईनंच भरली. "तू मध्ये मध्ये करू नकोस, तुला नीट घड्या घालता येत नाहीत."

आई-बाबा सोडायला आले होते, खाली खिडकीशी उभे होते. बसमध्ये बसल्यावर रुमाल काढायला धाकटीनं बॅगेत हात घातला, तर कपड्यांच्या मध्ये काहीतरी जड लागलं. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली कडी. दुकानाच्या भिंतीवरची सगळ्यात मोठी. बरोबर लांब स्क्रूंची पुडी आणि एक स्क्रूड्रायव्हर. त्याची मूठ तडकलेली, वर निळी चिकटपट्टी. बाबांचा रोजचा. दादालासुद्धा ते त्याला हात लावू देत नसत.

म्हणजे आईला माहीत होतं.

म्हणजे बाबांनाही.

तिनं टॉवेल तसाच उचलून खिडकीशी धरला. "बाबा, हे…"

बाबा बसच्या चाकाकडे बघत म्हणाले, "स्क्रू पार आत जाऊ देत. त्या दाराचं लाकूड जुनं आहे."

"पोचलीस की फोन कर," आई म्हणाली. "काकांना आमचा नमस्कार—" सवयीनं निघालं, आणि तिनं स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

बस हलली. दोघं तिथंच उभे राहिले, एकमेकांकडे न बघता.

वरची ओळ अजून कोरीच आहे. ती भरायला धाकटीच लागते असं नाही. आईला ती येत होती. बाबांना येत होती. वाचता वाचता तुम्हालाही आली. मग त्या जेवणाच्या वेळी गप्प कोण कोण होतं?